हो म्हणायला शिकलेला माणूस

पुष्कर वाळिंबेचं काम गळती शोधण्याचं होतं. जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये मोटारींचा जो मोठा कारखाना आहे, त्याला दारांच्या रबरी पट्ट्या पुरवणाऱ्या एका कंपनीत तो नऊ वर्षं नोकरीला होता. बंद खोलीत गाडी उभी करायची, चारी बाजूंनी तिच्यावर पाण्याचे फवारे सोडायचे, मग बॅटरी घेऊन आत शिरायचं आणि कुठे थेंबभर ओल दिसते का ते बघायचं. दिसली की पट्टी नापास. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घोटाळा एवढाच होता, की संध्याकाळी घरी आल्यावरही तो हातातली बॅटरी खाली ठेवत नसे.

कोणी काही सुचवलं की पुष्करला आधी त्यातली ओल दिसायची. अरुंधती, म्हणजे त्याची बायको, सुट्टीत इटलीला जाऊ म्हणाली, तर ऑगस्टमध्ये तिथे गर्दी. आमच्या इथल्या मराठी मंडळाने बोडनझे सरोवराला सहल काढली, तर हवामानाचा अंदाज बरा नाही. उर्जाला, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, मांजर हवं होतं, तर घरमालकाच्या करारातलं चौदावं कलम. मात्र तोंडाने तो कधी ‘नाही’ म्हणत नसे. पुण्यातल्या सभ्य घरात वाढलेला होता. तो ‘बघू’ म्हणायचा.

अरुंधती संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली, लग्नाआधी पुण्यात एका विमा कंपनीत काम केलेली. नऊ वर्षं हाती दुसरी आकडेवारी नसल्यामुळे तिने या ‘बघू’चा अभ्यास केला होता. मान वर न करता म्हटलेलं ‘बघू’ म्हणजे विषय संपला. चहाचा घोट घेऊन म्हटलेलं ‘बघू’ म्हणजे पुढच्या वर्षी विचार. आणि ‘बघू ना’ म्हणजे आईला फोन करून विचारतो. तिच्या नमुन्यात होकार एकदाच आला होता, तोही नवीन डिशवॉशरसाठी, आणि तेव्हा जुना फुटून खालच्या मजल्यावर पाणी गेलं होतं.

ऑफिसात पुष्करला ‘बघू’चीही गरज नव्हती. तिथे तो सरळ ‘गेट निष्ट’ म्हणायचा, होणार नाही. जर्मनांनाही हे शब्द प्रिय आहेत, पण त्यांनाही एका माणसाकडून इतक्यांदा ऐकवेना. त्याच्या साहेबांनी, ओबरमायर यांनी, वार्षिक मूल्यमापनात त्याला सांगितलं, की तुमच्यासमोर कल्पना मांडणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं झालंय असं सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. पुष्करने ही स्तुती समजून घरी सांगितली. पुढच्याच महिन्यात, दोन हजार सातच्या जुलैमध्ये, त्याची रवानगी एका प्रशिक्षणाला झाली.

प्रशिक्षण आल्टम्यूल नदीच्या काठी एका जुन्या मठात होतं. मठात आता हॉटेल झालं होतं. शिकवायला बिर्गिट नावाची बाई होती. ती एके काळी नाटकात कामं करायची. आता कंपन्यांमधल्या माणसांना नाटक शिकवायची, आणि त्यात बरं चाललं असणार, कारण ती अनवाणी फिरायची आणि गाडी मात्र फार भारी होती. या नाटकाला संहिता नसते, बिर्गिट म्हणाली. समोरचा जे म्हणेल ते खरं मानायचं. नाकारायचं नाही. ‘हो’ म्हणायचं, आणि त्यात आपली भर घालायची. हो, आणि. एवढा एकच नियम, आणि तो रंगमंचावर चालतो तसा आयुष्यातही चालतो: कंपनीत, घरात, शेजाऱ्याशी, सासूशी.

पहिल्या दिवशी पुष्करचं जे झालं ते तो स्वतःच सांगायचा, अर्थात नंतर, प्रसिद्ध झाल्यावर. खरेदी विभागातला एक माणूस त्याच्याकडे धावत आला आणि ओरडला, पळा, अस्वल आलं! पुष्कर म्हणाला, बव्हेरियात अस्वलं नाहीत. एक आलं होतं, तेही गेल्या वर्षी मारलं. माणूस दमला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. बिर्गिट म्हणाली, आपण सगळे जहाजावर आहोत. पुष्करच्या तोंडून निघून गेलं, “हो, आणि मी या जहाजाचा गळती-निरीक्षक आहे, आणि मला सांगायला खेद होतो, की ते बुडतंय.” सगळे हसले. सोबत आलेले ओबरमायरसुद्धा हसले. नऊ वर्षांत पुष्करने जर्मनमध्ये केलेल्या विनोदाला जर्मन माणसं पहिल्यांदाच हसली होती, आणि तेही त्याला हवं तिथेच. माणूस त्या दोन मिनिटांत हातचा गेला. लोक अध्यात्माला लागतात, मॅरेथॉनला लागतात. पुष्कर होकाराला लागला.

घरी तेव्हा त्याची आई, सुलेखाताई, पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर नुकत्याच आलेल्या होत्या. प्रशिक्षणाहून परतल्या संध्याकाळी त्या सहज म्हणाल्या, की इतक्या लांब आले आहे तर पॅरिस तेवढं जवळ आहे म्हणतात. पूर्वीचा पुष्कर बॅटरी घेऊन त्या वाक्यात शिरला असता. हा म्हणाला, “हो आई, आणि तिथून स्वित्झर्लंडही करू. आणि तुझा गुडघा इथल्या चांगल्या डॉक्टरला दाखवू.” सुलेखाताईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग रात्रीच्या जेवणाआधीच बहिणीला, यमुनाताईंना, पुण्याला फोन करून सगळा कार्यक्रम सांगितला.

उर्जाच्या मांजराला होकार मिळाला, आणि मांजराला सोबत म्हणून दुसऱ्या मांजरालाही. इटली पुढच्या वर्षी नक्की झाली, आणि ग्रीसही. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, कुमार सबनीसांनी, गणपतीला काहीतरी कार्यक्रम कर म्हणून नेहमीसारखं विचारायचं म्हणून विचारलं, तर पुष्कर म्हणाला, हो, आणि मी घरगुती प्रश्नांवर उत्स्फूर्त नाट्याची कार्यशाळाच घेतो. कुमारने फोन ठेवून बायकोला, संपदाला, विचारलं की वाळिंब्यांकडे सगळं ठीक आहे ना.

याच सुमारास अरुंधतीला नोकरी चालून आली.

म्युनिक हे विमा कंपन्यांचं गाव. तिच्या जर्मनच्या वर्गातली एक पोलिश बाई तिथल्या एका कंपनीत लागली होती, आणि तिच्या विभागात आकडेमोड जाणणारं माणूस हवं होतं, आठवड्यातून तीन दिवस. अरुंधतीची मुलाखत झाली, दुसरी झाली, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून याल का असं त्यांनी विचारलं. नऊ वर्षांत तिचं जर्मन शिकून झालं होतं, मुलीला बालवाडीत घालून झालं होतं, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे मोदक वळून झाले होते. आगगाडीने म्युनिक तासाभराचं. तिला हे काम हवं होतं. इतकं हवं होतं, की तिने त्याबद्दल घरी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही.

अडचण एकच होती. उर्जा त्याच महिन्यात पहिलीत जाणार होती, आणि आमच्या बव्हेरियात पहिलीची शाळा जेवायच्या आधीच सुटते. आई घरी स्वयंपाक करून वाट बघत असते, हे इथलं सरकार आणि माझी आजी दोघंही एकसारखंच धरून चालतात. दुपारभर मुलं सांभाळणाऱ्या पाळणाघरात जागा मिळवायची तर गरोदर असताना नाव घालावं लागतं. उर्जाला शाळेतच जेवणाची सोय मिळाली होती, पण ती दोन वाजेपर्यंत. दोनला दारात कोणीतरी उभं हवं, आठवड्यातून तीन दिवस. बस, एवढंच.

अरुंधतीने पुष्करला सांगितलं तेव्हा ती ‘बघू’ ऐकायला तयार होऊन बसली होती. पुष्कर म्हणाला, “हो! आणि तीनच दिवस का? पाचही दिवस कर.”

ती दोन दिवस गाणं गुणगुणत होती असं सुलेखाताई सांगतात. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, की मग दोन वाजता उर्जाला कोण आणेल. पुष्कर म्हणाला, हो, आणि बरी आठवण केलीस, आपण एखादी विद्यार्थिनी ठेवू, आणि ती उर्जाला पियानोही शिकवेल. विद्यार्थिनी शोधायची कोणी, हे त्याने सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनीची जागा पोलंडहून येणाऱ्या मुलीने घेतली, त्यानंतर सबनीसांच्या शेजारणीने, त्यानंतर आईने. हो, आणि आई आहेच की! सुलेखाताई म्हणाल्या की मी आनंदाने आणेन, पण माझा व्हिसा ऑक्टोबरात संपतोय, आणि नंतर काय मी पुण्याहून तिला हाक मारू? हो, आणि तोवर काहीतरी सुचेल, पुष्कर म्हणाला, आणि आईला मिठी मारली. पूर्वी तो मिठी मारत नसे. तेही प्रशिक्षणात शिकवलं होतं.

अरुंधतीने नव्याने आकडेवारी मांडली. जुलै ते सप्टेंबर या काळात होकार शंभर टक्के होते. प्रत्यक्षात आलेल्या गोष्टी: शून्य. मांजर नव्हतं, पॅरिस नव्हतं, गुडघ्याच्या डॉक्टरची वेळही घेतलेली नव्हती. जुनं ‘बघू’ निदान छोटं होतं. त्यानंतर माणूस आपल्या कामाला लागू शकत असे. या नव्या होकारात तासभर जायचा, वर आनंदी चेहरा ठेवावा लागायचा. पॅरिसचं तर सुलेखाताईंनीच एकदा सुनेजवळ काढलं. मला जायचंच आहे असं नाही गं, त्या म्हणाल्या, पण मी यमुनाला सांगून बसले. ती रोज विचारते, मनोरा पाहिलास का.

मग अरुंधतीने आडवळण सोडलं. पुष्करच्याच विभागात लेख्नर नावाचा माणूस होता. त्यांच्या कंपनीत कामाच्या वेळा आपल्या आपण पुढेमागे करता येत. लेख्नर पहाटे सहाला कामावर यायचा, दीडला निघायचा आणि आपल्या जुळ्या मुलांना शाळेतून घेऊन जायचा. कराराप्रमाणे पुष्करचे तासही तेवढेच होते. तो नऊला जाऊन सहापर्यंत बसायचा, ते साहेबांना दिसावं म्हणून.

“लेख्नरसारखं तुला करता येईल ना?” अरुंधतीने विचारलं.

या वेळी होकार आला नाही. “लेख्नरचं वेगळं आहे,” तो म्हणाला.

“काय वेगळं आहे?”

“तो जर्मन आहे.”

अरुंधती उठून चहाचे कप उचलायला लागली. पुष्करला वाटलं विषय मिटला, आणि त्याने भर घातली, की आपण या विषयावर शांतपणे, सकारात्मकपणे, एकदा नक्की बसू.

गुरुवारी विमा कंपनीतून फोन आला. सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला विचारतो. शनिवारी गणपती होते.

आमचं मंडळ लहान. दरवर्षी आम्ही चर्चचं सभागृह भाड्याने घेतो. मागे भिंतीवर क्रूस, पुढे टेबलावर गणपती, आणि दोघांनीही आजवर तक्रार केलेली नाही. तक्रार फक्त छतावरच्या धुराच्या घंटीची असते, म्हणून निरांजनात बॅटरीचे दिवे लावून आरती होते आणि कापूर अंगणात सायकलींच्या स्टँडपाशी. आरती झाली, जेवणं झाली, लहान मुलांचे नाच झाले, आणि कुमारने पुष्करला बोलावलं.

पुष्कर अनवाणी आला. बुवा, बाबा, महाराज आम्ही पाहिलेले असल्यामुळे आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. त्याने नियम समजावून सांगितले. समोरचा म्हणेल ते खरं. नाकारायचं नाही. रंगमंचावर एकदा बोललं गेलं की ते झालं. मागे घेता येत नाही. मग बिर्गिटकडून शिकलेला जागाबदल समजावला: नवऱ्याने बायको व्हायचं, बायकोने नवरा, म्हणजे एकमेकांची बाजू कळते आणि प्रश्न आपोआप सुटतो. पहिला प्रश्न संपदाने दिला. पुण्याहून पाहुणे येतात, तीन आठवडे राहतात आणि रोज सकाळी आंघोळ करून, आज काय दाखवणार, म्हणून सोफ्यावर बसतात. संपदा पाहुणा झाली, कुमार संपदा झाला, लोक हसून लोळले. प्रश्न सुटला नाही, पण तसं कोणी म्हटलं नाही.

“अजून कोणाचा प्रश्न?” पुष्करने विचारलं.

अरुंधती मागे भांडी आवरत होती. ती हात पुसून पुढे आली. ठरवलं काही नव्हतं, असं ती म्हणते. आम्ही काही म्हणत नाही.

“बायकोला नोकरी लागलीय,” ती म्हणाली. “सोमवारी उत्तर द्यायचंय. मी नवरा. तू बायको.”

पुष्करला आनंद झाला. बायको इतके दिवस या पद्धतीकडे संशयाने बघते असं त्याला वाटत होतं, आणि आता तीच आपणहून आली होती. त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या आईची शाल घेतली, डोक्यावर पदरासारखी ओढली आणि कमरेत वाकून दोन पावलं टाकली. पुरुष मंडळी खूश झाली. अरुंधतीने काहीच केलं नाही. ती खुर्चीवर बसली, चष्मा नाकावर वर सरकवला आणि हातात नसलेलं वर्तमानपत्र उघडून त्यात मान घातली. बायका तेव्हाच हसायला लागल्या.

“अहो, ऐकलंत का?” पुष्कर बारीक आवाजात म्हणाला. अरुंधतीने लग्न झाल्यापासून त्याला एकदाही ‘अहो’ म्हटलेलं नव्हतं. “मला नोकरी लागली!”

“हो,” अरुंधती वर्तमानपत्रातून म्हणाली, “आणि तू पाचही दिवस जा.”

“अहो, पण मुलीला शाळेतून दोन वाजता कोण आणणार?”

“हो, आणि बरी आठवण केलीस. आपण तिला पियानो लावू.”

“पियानो राहू द्या. दोन वाजता कोण?”

“हो, आणि मग सगळ्यांनी मिळून पॅरिस.”

यावर पहिल्या रांगेतून सुलेखाताई इतक्या मोठ्याने हसल्या, की त्यांना ठसका लागला. पुष्करने तिकडे पाहिलं. मग परत विचारलं, आणि या वेळी आवाज बारीक करायचा राहून गेला.

“अरे, मी काय विचारतोय? मुलीला कोण आणणार?”

अरुंधतीने नसलेलं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. सभागृहात फक्त उर्जा आणि सबनीसांचा मुलगा टेबलाखाली पळत होते त्यांचाच आवाज. पुष्कर शाल सावरत उभा राहिला. प्रवेश अडकला की तो पुढे न्यावा, काहीतरी मोठं घडवावं, असं बिर्गिटने सांगितलं होतं. त्याने कपाळाला हात लावला, खोल श्वास घेतला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणाला, “ठीक आहे. मग मी सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवून टाकते.”

तीनचार पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कर वाकणारच होता.

अरुंधतीने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. “नाही,” ती म्हणाली.

पुष्कर हळूच म्हणाला, की असं नकारात्मक बोलायचं नसतं, नियमात बसत नाही.

“कळवायचं नाही,” अरुंधती म्हणाली. तिने आवाज जाड केला नव्हता, नक्कलही आता राहिली नव्हती. “मी पहाटे सहाला कामावर जाईन. दीडला निघेन. दोन वाजता शाळेच्या दारात मी उभा असेन, आठवड्यातून तीन दिवस. तू नोकरी घे.”

मग पहिल्या रांगेतून सुलेखाताईंचा आवाज आला.

“शाबास रे, पुष्कर.”

त्या सुनेकडे बघून म्हणाल्या होत्या. त्यानंतर टाळ्या ज्या सुरू झाल्या, त्या बायकांनी थांबू दिल्या नाहीत. पुष्कर डोक्यावर आईची शाल घेऊन मध्यभागी उभा होता. त्याने तोंड उघडलं, “हो, आणि” एवढं म्हणाला, आणि शालीची घडी घालायला लागला.

पुढे जे झालं ते केवळ प्रसादाच्या रांगेमुळे झालं, असं माझं मत आहे. नाटक संपून लगेच सगळे घरी गेले असते तर पुष्करने गाडीतच सगळं पुसून टाकलं असतं. पण मोदकांना वेळ लागला, आणि तेवढ्यात माणसं एकेक करून येऊन त्याचा हात हातात घेऊ लागली. किती मोठं मन, असं बायका म्हणाल्या. दोघींनी आपापल्या नवऱ्याला मुद्दाम बोलावून त्याच्यासमोर उभं केलं. कुमार म्हणाला, “अरे, बोलला नाहीस आधी. ग्रेट. मी तर आमच्या हिला केव्हापासून म्हणतोय,” आणि संपदाने विचारलं, “काय म्हणताय केव्हापासून? सांगा ना, मीही ऐकते.” पहिल्या मोदकाला पुष्कर गोंधळलेला होता. दुसऱ्याला, छे, त्यात काय, असं म्हणत होता. तिसऱ्या मोदकापर्यंत ही कल्पना मुळात आपलीच होती आणि ती लोकांपुढे मांडायला त्याने हा प्रकार निवडला होता, असं तो समजावून सांगायला लागला.

तरी गाडीत बसल्यावर त्याने एक प्रयत्न केलाच. “हे बघ, ते नाटक होतं,” तो म्हणाला.

“इतक्या लोकांपुढे बोललास,” मागून सुलेखाताई म्हणाल्या.

“मी नाही, ती बोलली!”

“पुष्कर बोलला. मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि घरी गेल्यावर यमुनाला सांगणार आहे. निदान हे तरी तिला खरं सांगता येऊ दे.”

उर्जा आजीला टेकून पेंगत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. पापा मला शाळेतून आणायला येणार, असं तिने विचारलं, आणि पुष्करने आरशात बघितलं तर ती टक्क जागी होऊन उत्तराची वाट बघत होती.

“जा,” तो जर्मनमध्ये म्हणाला. म्हणजे, हो.

सोमवारी अरुंधतीने म्युनिकला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. पुष्कर ओबरमायरांच्या खोलीत गेला. त्याच्या मनात एक शेवटची आशा होती, की साहेबच नाही म्हणतील, आणि मग त्याला घरी येऊन जड अंतःकरणाने सांगता येईल. त्याने पहाटे सहा, दुपारी दीड, वगैरे चाचरत मांडलं. ओबरमायरांनी कॅलेंडरवरून नजरही काढली नाही. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. “करा की. मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला घरी जायला आवडत नाही.”

असा पुष्कर शाळेच्या दारात उभा राहू लागला. पहिले काही आठवडे त्याने तिथल्या आयांना आपली पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ती, नवीन आहाराबद्दल कोणी सांगितलं की ऐकतात, तशी ऐकली आणि विचारलं की उर्जाचं पोहण्याचं सामान आणलंत का, आज बुधवार आहे. त्याने आणलं नव्हतं. आमच्या मंडळात तो आता आधुनिक पती म्हणून ओळखला जातो. अरुंधतीला याबद्दल विचारलं तर, हो, फार समजूतदार आहे, एवढंच म्हणते. तिला गाडी गाठायची असते, श्रेयाच्या वाटणीसाठी थांबायला वेळ नसतो.

ऑक्टोबरात सुलेखाताई पुण्याला परत गेल्या. पॅरिस न बघता.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी अरुंधती घरी आली तर उर्जाला ताप होता. पुष्करने मुगाची खिचडी केली होती आणि ती खाली लागली होती. अरुंधतीने कोट काढायच्या आतच त्याने एका दमात सगळं सांगितलं: शाळेतून लवकर फोन आला, डॉक्टरकडे दीड तास बसावं लागलं, व्यायामाचे बूट लहान झालेत, आणि हिच्या बाईंना उद्या वर्गासाठी रिकामी खोकी हवी होती ती आता कोणी द्यायची. मग जरा थांबून म्हणाला, “उद्या तू राहशील का घरी? माझी मीटिंग आहे. ओबरमायर येणार आहेत, कारखान्याची माणसं येणार आहेत.”

“माझीही आहे,” अरुंधती म्हणाली. “पहिल्यांदाच मी आकडे मांडणार आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तीही कोट हातात घेऊन उभी राहिली. मदतीला बोलवायला आता आई नव्हती, टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, आणि आतल्या खोलीतून उर्जा पाणी मागत होती. अरुंधतीने मान फिरवली नाही, आणि मी करते काहीतरी, असंही म्हणाली नाही. ते म्हणायची सवय तिला होती. तिला ते तोंडातच धरून ठेवावं लागलं असं तिने नंतर संपदाला सांगितलं.

शेवटी पुष्करने फोन घेतला आणि बाल्कनीत गेला. दाराच्या काचेतून तो हातवारे करताना दिसत होता. आत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. मीटिंग पुढे ढकलली, म्हणाला, लेख्नर म्हणाला की त्याच्या जुळ्यांनाही हाच ताप आहे, तोही उद्या येणार नव्हता. मग त्याने पाण्याचा पेला भरला आणि उर्जाला नेऊन दिला. खिचडीचं पातेलं घासताना मुद्दाम आवाज केला. अरुंधतीने तो ऐकला आणि आपले आकडे परत एकदा तपासत बसली.

सकाळी ती निघाली तेव्हा तो जागाच होता. उर्जाचं अंग हाताने बघत होता. औषध किती वाजता द्यायचं, त्याने विचारलं. तिने सांगितलं, मफलर गुंडाळला, आणि म्युनिकच्या गाडीसाठी स्टेशनवर गेली.